कंपाउंडची घाणेरी काढायची की ठेवायची?

भूम तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. घर गावाच्या कडेला आहे, मागं गायरान आणि त्याच्या पलीकडं बालाघाटाचा उतार. अंगणाच्या दोन बाजूंनी सासूबाईंनी 18 वर्षांपूर्वी लावलेली घाणेरी आहे, एकूण 60 फूट. टँकरच्या दिवसांतही ती फुललेली असते, दिवसभर फुलपाखरं असतात, शेळ्या आत येत नाहीत. आता मुलाच्या शाळेतल्या सरांनी सांगितलं की हे झाड परदेशी आहे, घातक आहे, काढून टाका. सासूबाईंचा जीव त्या झाडांत गुंतलेला. ताई विचारतात, एवढं फुलणारं झाड खरंच काढायचं का, फुलपाखरांचं काय, आणि काढलं तर त्या जागी काय लावायचं?

ताई, मी 1998 पासून अंबाजोगाईजवळ नर्सरी चालवते, बंगल्यांच्या आणि शाळांच्या बागा लावून देते. उत्तर आधीच सांगते. तुमच्या जागी मी असते तर घाणेरी काढली असती. पण सगळी यंदाच काढली नसती, दोन वर्षांत काढली असती, आणि ‘परदेशी आहे’ एवढ्याच कारणासाठी तर हातही लावला नसता.

कारण परदेशी म्हणाल तर आपल्या ताटातली मिरची परदेशी, परसातला पेरू परदेशी. आपल्या बालाघाटाच्या डोंगरांवर रानोमाळ पसरलेलं सीताफळसुद्धा मूळचं अमेरिकेतलंच. ते इथं इतकं रुजलं की 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. सीताफळ डोंगरावर आपोआप उगवतं, शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणजे वागणूक बरीचशी घाणेरीसारखीच. तरी ते डोंगराखालच्या गावांना दोन पैसे देतं, त्याच्या झाडांमधून गवतही वाढतं. त्यामुळं झाडाचं मूळ गाव कोणतं हे मी दुय्यम धरते. ते आपल्या कुंपणात राहतं का, आणि कुंपणाबाहेर गेल्यावर कुणाची जागा खातं, हे मी आधी बघते.

घाणेरी इथं आपोआप आलेली नाही. गाजर गवत कुणी हौसेनं लावलं नव्हतं, ते आयात धान्याबरोबर आलं असं मानतात. घाणेरी मात्र शोभेसाठीच आणली. इंग्रजांनी 1807-09 च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती लावली आणि तिथून कुंपणाकुंपणानं ती देशभर गेली. आज जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. नर्सरीत तिला ‘लँटाना’ म्हणतात, आपल्याकडं कुणी घाणेरी म्हणतं, कुणी टणटणी. झाड एकच.

आता तुमच्या अंगणात जाऊन एक गुच्छ हातात घ्या. मधली फुलं पिवळी असतील, कडेची गुलाबी किंवा केशरी. पिवळी ती ताजी, त्यांत मध असतो. रंग बदललेली जुनी. फुलपाखरू बरोबर पिवळ्यावरच सोंड लावतं. याच गुच्छातली फुलं गळाली की तिथं हिरव्या मण्यांचा घोस लागतो. मणी ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पिकला की काळा-जांभळा, चकचकीत होतो. प्रत्येक मण्यात एक टणक आठळी असते. बुलबुल आणि साळुंक्या तो मणी अख्खा गिळतात आणि दुसऱ्या झाडावर, तारेवर, खांबावर जाऊन बसतात. तुमच्या कुंपणाची लांबी 60 फूट आहे खरी, पण त्याची हद्द बुलबुल जिथवर उडून बसतो तिथवर जाते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. 2012-13 च्या दुष्काळात आमच्याकडं जो तो एकच मागणी घेऊन यायचा, ‘बिनपाण्याचं फुलझाड द्या.’ मी घाणेरी द्यायचे. शेकड्यानं रोपं दिली. पाणी नाही, कीड नाही, फुलं बारमाही. दुसरं काय सुचवावं हे त्या वेळी खरंच डोक्यात आलं नाही.

पुढं 2016 चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साल. शेतातल्या एका आखाड्यावर मी लावून दिलेलं कुंपण मालकानं छाटलं आणि फांद्या गोठ्याच्या मागं टाकल्या. एरवी जनावर घाणेरीला तोंड लावत नाही, वासानंच मागं फिरतं. पण चारा नव्हता, आणि सुकलेल्या फांद्यांचा वासही मरतो. एका संकरित कालवडीनं त्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी ती रवंथ करीना, शेण टाकीना, डोळ्यांच्या कडा पिवळ्या पडल्या. ती काळी-पांढरी होती. काळी कातडी जशीच्या तशी राहिली आणि पांढऱ्या ठिगळांवरची कातडी उन्हानं भाजल्यासारखी लाल होऊन सोलून निघाली. पशुवैद्यकांनी बघताक्षणी विचारलं, घाणेरी खाल्ली का? या झाडातलं विष यकृत बिघडवतं. मग पाल्यातल्या हिरव्या द्रव्यापासून बनणारा एक घटक अंगाबाहेर पडत नाही, कातडीत साठतो, आणि ऊन लागलं की रंगहीन कातडी जळते. तीन आठवडे अंधाऱ्या गोठ्यात बांधून, औषधपाणी करून ती कालवड वाचली. सगळी वाचत नाहीत. शेळ्या-मेंढ्यांनाही ही बाधा होते.

त्यानंतर मी घाणेरी विकणं बंद केलं. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याच आखाड्याच्या मागच्या उतारावर मुद्दाम फिरून आले. उघड्या मुरमाड माळावर फारशी रोपं नव्हती. पण जिथं जिथं पाखराला बसायला जागा होती तिथं होती. तारेच्या खांबांच्या बुडाशी होती. एकट्या उभ्या लिंबाखाली तर मोजली, 43 रोपं, खोडाभोवती गोल. आणि खालच्या ओढ्याच्या दोन्ही काठांना कमरेएवढी जाळी झाली होती. त्या जाळीत वाकून बघितलं. खाली गवताची काडी नव्हती, नुसता पाला आणि भुई. आजूबाजूला पवन्या, मारवेल, कुसळी होती. जाळीच्या सावलीत त्यातलं काही उरलं नव्हतं. धनगरांची मेंढरं त्या ओढ्याला वळसा घालून जात होती.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं ‘मागं गायरान आहे’ हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

सगळ्यांना मी हेच सांगत नाही. संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक कुंडी आहे आणि घरातलं माणूस दर आठवड्याला सुकलेले गुच्छ खुडतं, तर मी म्हणते, राहू द्या. मात्र ‘महिन्यातून एकदा छाटू’ म्हणणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. पावसाळ्यात फूल गळून मणी धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि 60 फूट कुंपणाचा प्रत्येक गुच्छ कुणी खुडत नाही. आपल्याकडं पाऊस कमी, त्यामुळं घाणेरी कोकणात किंवा सह्याद्रीत पसरते तेवढ्या वेगानं मराठवाड्यात पसरत नाही, हेही खरं आहे. कोरडा माळ ती सावकाश घेते, ओढा-नाला मात्र पटकन. तुमच्या गायरानातून ओढा जात असेल तर आधी तिकडं एक चक्कर मारा. तिथं रोपं दिसली तर काही विचारायचं उरत नाही.

बिनबियांच्या लँटानाबद्दलही लोक विचारतात. अशा जाती आहेत, बुटक्या, एकरंगी फुलांच्या. पण कुंडीवरच्या पाटीवर विसंबू नका. रोप आणल्यावर दोन-तीन महिने गळालेल्या गुच्छांकडं बघत राहा. हिरवे मणी धरले तर ती बिनबियांची नाही. शिवाय काही जातींना स्वतःचं बी धरत नसलं तरी त्यांचा पराग चालू असतो आणि जवळपासच्या रानटी घाणेरीला तो मिळतो. त्यामुळं गायरानाच्या कडेला मी तीही लावत नाही.

फुलपाखरांचं काय, हा तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण बहुतेक लोक इथंच अडतात. घाणेरीवर फुलपाखरं जेवायला येतात. पण आपली नेहमीची फुलपाखरं तिच्यावर अंडी घालत नाहीत, कारण त्यांच्या अळ्यांना तो पाला चालत नाही. फुलपाखरं वाढवायची असतील तर अळ्यांचं झाड लावावं लागतं. तरवडावर पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. लिंबू आणि कढीपत्ता असेल तर काळी-पिवळी मोठी फुलपाखरं तिथं अंडी घालतात. रुईच्या पानावर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर मारू नका, तिचंच पुढं केशरी पंखांचं फुलपाखरू होतं. मधासाठी झेंडू, पेंटास, एक्झोरा आहेतच. निरगुडी फुलली की तिच्यावर मधमाश्या आणि लहान फुलपाखरं इतकी असतात की घाणेरीची आठवण येणार नाही.

आता काढायचं कसं ते नीट सांगते, कारण चुकीचं काढलं तर दुप्पट होऊन येते. नुसती कोयत्यानं छाटली तर बुडापासून दहा फुटवे. पेटवून दिली तरी मूळ जिवंत राहतं आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतं. जमिनीला टेकलेली फांदी मुळं धरते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलांसाठी एक पद्धत बसवली, तीच मी बागेत वापरते. घाणेरीचे फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथं जुळतात त्या गाठीतून. ही गाठ मातीच्या लगेच खाली असते. म्हणून सगळं मूळ उकरायची गरज नाही. बुडाभोवतीची माती टिकावानं बाजूला करायची, जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ कुऱ्हाडीनं तोडायचं आणि गाठीसकट झुडूप उचलून उलटं टाकायचं, मुळं आभाळाकडं. गाठ मातीला लागली नाही की ती वाळून जाते.

हे काम उन्हाळ्यात करू नका, मुरमात टिकाव शिरत नाही. मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन वापसा आला की माती सुटते. माझ्याकडची दोन माणसं जुन्या कुंपणाचं दिवसाला 15-20 फूट काम करतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, चौकोनी खोडावर मागं वळलेले बारीक काटे असतात. त्याआधी मे महिन्यात एक काम उरकून घ्या, सगळे मणी आणि गुच्छ कापून गोणीत भरा. ते उकिरड्यावर किंवा गांडूळखतात टाकू नका. गोणी बांधून उन्हात ठेवा आणि वाळल्यावर जाळा. फांद्या गोठ्यापासून, शेळ्यांच्या वाटेपासून लांब, दगडावर वाळवा, चुलीला जळण होतं. कर्नाटकात सोलिगा आदिवासी या काठ्यांपासून खुर्च्या-टोपल्या बनवतात, म्हणजे लाकूड वाया जाणारं नाही. तणनाशक मी घरच्या अंगणात वापरत नाही. शेळ्या, विहीर आणि लहान मुलं जवळ असताना त्याची गरजही पडत नाही.

एक गोष्ट अजिबात विसरू नका. फांद्या तोडण्याआधी आत हात घालून नाही, पण वाकून नीट बघा. बुलबुल याच कुंपणात घरटं करतो, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यात पिल्लं असू शकतात. घरटं दिसलं तर तेवढं झुडूप पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.

दोन वर्षांत काढा म्हणते ते याचसाठी, आणि तुमच्या अंगणासाठीही. यंदा गायरानाकडची बाजू काढा. दुसरी बाजू गुडघ्याएवढी छाटून ठेवा आणि वर्षभर तिच्यावर मणी धरू देऊ नका. 30 फूट खुडणं एका माणसाला झेपतं. पुढच्या पावसाळ्यात ती बाजू काढा.

लावायचं काय? कुंपणासाठी माझी पहिली पसंती निरगुडीला. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे फाटे आर्द्रात लावले तर बहुतेक जगतात. दीड-दीड फुटावर लावा, घाणेरीच्या रांगेपासून हातभर आतल्या बाजूला, म्हणजे खणकामात दुखावणार नाहीत. शेळ्या खात नाहीत, निळी-जांभळी फुलं येतात. मधेमधे तरवड टाका. त्याचं बी टणक असतं, आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवा. गायरानाच्या बाजूला काटा हवा असेल तर कोरांटी लावा, पिवळी फुलं आणि काटे दोन्ही मिळतात. करवंद उत्तम, पण सावकाश वाढतं, त्याच्यावर एकट्यावर कुंपण सोडू नका. एका कोपऱ्यात अडुळसा असू द्या, खोकल्याला घरातच औषध. घाणेरीखालची माती दमलेली असते, तिथं दुसरं काही रुजू न देण्याची तिची सवय आहे. टोपलीभर शेणखत आणि एक पावसाळा दिला की माती सुधारते.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. नवीन कुंपणाला पहिले दोन उन्हाळे पाणी लागेल. घाणेरीला लागत नव्हतं. मोरीचं सांडपाणी चारी काढून त्या रांगेला सोडता आलं तर सगळ्यांत बरं. नाहीतर आठवड्याला चार रोपांमागं एक बादली, आणि बुडाशी पाचटाचा किंवा तुरीच्या भुसाचा जाड थर. दोन उन्हाळे निघाले की निरगुडी आणि तरवड आपापलं बघून घेतात. टँकरच्या गावात हे पाणी जड जातं, मला ठाऊक आहे. म्हणूनही दोन टप्पे बरे, एका वर्षी 30 फुटांचंच पाणी.

आणि सासूबाईंचं. ताई, त्यांना ‘तुमचं झाड घातक आहे’ असं म्हणू नका. ज्या काळात त्यांनी ते लावलं त्या काळात माझ्यासारख्या नर्सरीवाल्याही तेच देत होत्या. दुष्काळातून त्यांनी अंगण फुलतं ठेवलं, ही लहान गोष्ट नाही. त्यांना बरोबर घेऊन संध्याकाळी गायरानातल्या एखाद्या लिंबाखाली जा, रोपं दिसली तर त्यांनाच दाखवा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आईनं असंच केलं. ती कितीतरी वेळ वाकून ती रोपं बघत राहिली आणि मग स्वतःच चार-पाच उपटली. निरगुडी सासूबाईंना बहुतेक माहीत असेल. गुडघे दुखले की तिचा पाला पाण्यात उकळून शेकतात, आपल्या आजीच्या पिढीत घरोघरी होतं हे. फाटे त्यांच्याच हातानं लावून घ्या.

काढून झाल्यावरची तीन वर्षं लक्ष ठेवायची आहेत. मातीत पडलेलं बी लगेच सगळं उगवत नाही, दर पावसाळ्यात थोडं थोडं वर येतं. पुष्य नक्षत्राच्या आसपास एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा कुंपणाची रांग फिरा. चार-सहा पानांचं रोप दोन बोटांत धरून ओढलं की मुळासकट येतं. पान चोळून हुंगा, वासानं खात्री होते. त्याच फेरीत गायरानातला लिंब, तारेचे खांब आणि ओढ्याचा काठही बघून या. मुलाला बरोबर न्या. शाळेतल्या सरांनाही सांगा, पोरांची एक टोळी घेऊन एका सकाळी तो ओढा साफ करता येईल. फक्त मणी कुणी तोंडात टाकणार नाही एवढं त्यांना आधी बजावा. पिकलेले काळे मणी पोरं खातात, पण हिरव्या मण्यांपासून त्यांना लांबच ठेवलेलं बरं.

भूमपासून अंबाजोगाई फार लांब नाही. यंदा लावणार असाल तर मृगाआधी कळवा, निरगुडीचे फाटे माझ्या बांधावरून तोडून ठेवीन. 30 फुटांना वीस लागतील. चार जास्तच न्या, एखाददुसरा वाळतो.